सुगरणीच्या खोप्याशेजारी एक माहितीपर उतारा : तुलनात्मक वाचनाच्या संचाचे परीक्षण

इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दोन साहित्यकृती शेजारी ठेवून वाचायला शिकवावे, या हेतूने तयार केलेला एक शैक्षणिक संच मी गेल्या वर्षी स्वखर्चाने मागवला आणि जून ते फेब्रुवारी या काळात सातवीच्या अडतीस विद्यार्थ्यांच्या वर्गात वापरला. संचात २४ जोडपत्रे आहेत. प्रत्येक जोडपत्राच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरा उतारा किंवा कविता छापलेली असून सोबत शिक्षकांसाठी एक पुस्तिका दिली आहे. संचातील त्रुटी प्रकाशकांना पत्राने कळवल्या आहेत आणि पुढील आवृत्तीत त्यांचा विचार करू, असे त्यांनी लेखी मान्य केले आहे. म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही.

अशा साहित्याची गरज का वाटली, ते आधी सांगायला हवे. 'दोन कवितांमधील साम्य व भेद लिहा' असा प्रश्न दिला की आमची मुले वहीच्या मधोमध उभी रेघ ओढतात आणि दोन्हींकडे 'निसर्गाचे सुंदर वर्णन आहे' असे लिहून मोकळी होतात. त्यांचे चुकत नाही, कारण कवितेचा सारांश सांगायला आपण त्यांना शिकवलेले असते, कवितेतील शब्दाकडे बोट दाखवायला शिकवलेले नसते. या संचाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यातील एक साधी अट : कोणतेही विधान करण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्याला आधार देणारी ओळ पेन्सिलीने अधोरेखित करायची आणि ओळ सापडली नाही तर विधान मागे घ्यायचे. पहिले दोन आठवडे वर्ग यामुळे वैतागला. नंतर मात्र 'ओळ दाखव' हे वाक्य माझ्याऐवजी मुलेच एकमेकांना म्हणू लागली.

संचातील सर्वोत्तम जोडी बहिणाबाई चौधरींच्या खोप्याच्या कवितेची आहे. 'अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला' ही कविता एका बाजूला आणि सुगरण पक्ष्याविषयीचा दहा-बारा ओळींचा माहितीपर उतारा दुसऱ्या बाजूला. उतारा सांगतो की खोपा नर विणतो. गवताच्या आणि पात्यांच्या चिरफळ्या आणून तो अर्धवट खोपा तयार करतो, मादी तो पारखते आणि तिला पसंत पडला तरच पुढचे काम पूर्ण होते. कवितेत मात्र सारी कारागिरी मादीची आहे आणि नर तर 'गण्यागंप्या', म्हणजे काही कामाचा नसलेला. आमच्या गावाच्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीला पावसाळ्यात हे खोपे लटकतात, त्यामुळे मुलांना पक्षी परका नव्हता. वर्गात लगेच प्रश्न आला : मग कविता चुकीची आहे का?

येथे शिक्षकाने उत्तर देण्याची घाई केली तर सगळा तास वाया जातो. पुस्तिकेने या ठिकाणी योग्य सल्ला दिला आहे की प्रश्न तसाच फळ्यावर लिहून ठेवावा आणि मुलांना आधी दोन्ही मजकुरांचा हेतू शोधायला लावावा. उतारा कोणाला उद्देशून लिहिला आहे, हे मुलांना सांगता येईना, कारण तो कोणालाच उद्देशून नाही. कविता मात्र थेट बोलते : 'पाखराची कारागिरी जरा देख रे मानसा'. हा 'रे' कोणासाठी आहे, हे कळल्यावर शेवटच्या ओळींकडे वर्ग आपोआप वळला. पाखराला 'उलीशीच चोच', तेच तिचे दात आणि तेच ओठ. माणसाला मात्र दोन हात आणि दहा बोटे. खोपा कोण विणतो, हा उताऱ्याचा विषय आहे. एवढी बोटे असून तू काय केलेस, हा कवितेचा प्रश्न आहे. हे वाक्य मी सांगितलेले नाही. दोन मुलांनी आळीपाळीने अर्धे अर्धे बोलून ते पूर्ण केले आणि मी ते तसेच फळ्यावर उतरवून घेतले.

त्यानंतर एका मुलीने विचारले की पक्ष्याला 'सुगरण' हे नाव कोणी दिले असेल. सुगरण हा शब्द घरात आपण निगुतीने स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी वापरतो, म्हणजे कवितेच्याही आधी भाषेनेच त्या पाखराला बाई करून टाकले होते. पुस्तिकेत हा मुद्दा नाही. तो असायला हवा होता. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरुण वयातच त्यांना वैधव्य आले आणि शेती-संसार सांभाळताना त्या ओव्या रचत राहिल्या, ही माहिती मी या टप्प्यावर दिली. ती आधी दिली असती तर मुलांनी कवितेऐवजी कवयित्रीविषयीच लिहिले असते, असा माझा अनुभव आहे.

याच जोडपत्रात संचाची सर्वांत गंभीर चूकही आहे. छापताना कवितेची भाषा 'सोपी' केली आहे. 'खोप्यामधी'चे 'खोप्यामध्ये', 'तिले'चे 'तिला', 'तुले देले रे देवानं'चे 'तुला दिले रे देवाने' असे बदल कोणतीही सूचना न देता केले आहेत. त्यामुळे ओवीची चाल मोडतेच, शिवाय तुलनेतील एक मोठा भेद नाहीसा होतो. उतारा प्रमाण मराठीत आहे आणि कविता खानदेशातील लेवा बोलीत आहे, हे मुलांना कानांनी कळले पाहिजे. मी मूळ पाठ फळ्यावर लिहिला. जळगावकडून बदलून आलेल्या एका विद्यार्थ्याने तो वाचून दाखवला, तेव्हा एरवी बोलायला लाजणारा तो मुलगा त्या तासापुरता वर्गाचा शिक्षक झाला. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये निवर्तलेल्या या कवयित्रीच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्या तिच्या बोलीसह आल्या. संपादकांनी सातवीच्या मुलांना ही बोली झेपणार नाही असे गृहीत धरले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बालकवींच्या दोन कवितांची जोडी तुलनेने अवघड, पण तितकीच चांगली आहे. 'श्रावणमासी' आणि 'औदुंबर' या एकाच कवीच्या, दोन्ही निसर्गाच्या. म्हणजे 'सुंदर वर्णन' हे उत्तर येथे अगदी दारातच उभे असते. जोडपत्र मुलांना फक्त रंग शोधायला सांगते. दोन्हींत हिरवा आहे. पण 'औदुंबर'च्या आठ ओळींत हिरवाळी, निळासावळा झरा आणि पांढरी पायवाट पार करत नजर काळ्या डोहाकडे जाते, तर 'श्रावणमासी'त ती इंद्रधनुष्याकडे वर उचलली जाते. एक वाट खाली उतरते, एक नजर वर चढते, हे मुलांनी हाताने हवेत रेघा काढून दाखवले. 'गोड काळिमा' या शब्दांपाशी मात्र आम्ही सगळेच अडलो. काळिमा गोड कसा, याचे एकच एक उत्तर पुस्तिकेने दिलेले नाही आणि ते तिने योग्यच केले आहे.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट ही जोडी बहुतेक शिक्षकांना सर्वाधिक आकर्षक वाटेल. तिचा गाभा एका प्रश्नात आहे : हे कोण सांगत आहे? पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्री आठवणी सांगतो, त्यामुळे आई आपल्याला त्याच्या स्मरणातून दिसते; पडद्यावर तिचा चेहरा आणि आवाज थेट समोर असतो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, ही आईची शिकवण पुस्तकात वाचताना सांगणाऱ्याचा गहिवर आपल्याला कसा ऐकू येतो, यावर एक पूर्ण तासिका गेली. अडचण एवढीच की चित्रपटातील भाग दाखवण्यासाठी पडदा, वीज आणि सलग दोन तासिका लागतात, आणि पुस्तिका हे सारे उपलब्धच आहे असे धरून चालते.

उरलेल्या जोड्यांपैकी सात-आठ कामचलाऊ आहेत. बातमी आणि कथा, पत्र आणि निबंध अशा जोड्यांत विषय एक असला तरी मजकूर खास या संचासाठी लिहवून घेतलेला वाटतो. त्यात अधोरेखित करावी अशी ओळच सापडत नाही. जो मजकूर दुसऱ्यांदा वाचावासा वाटत नाही, त्याची तुलना मुलांना शिकवता येत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी प्रत्येक जोडीचे साम्य-भेदांचे तयार तक्ते दिले आहेत, आणि ते उर्वरित पुस्तिकेच्या विरोधात जातात. खोप्याच्या जोडीपुढे तेथे लिहिले आहे : साम्य – दोन्हींत सुगरण पक्ष्याचे वर्णन, भेद – एक पद्य, एक गद्य. दोन तासिका खपून मुलांनी जे मिळवले, त्याची ही दोन ओळींतली किंमत वाचून मी अस्वस्थ झालो. घाईतील शिक्षक हेच तक्ते फळ्यावर उतरवतील आणि मुले ते पाठ करतील, म्हणून ती पाने मी पहिल्याच महिन्यात वेगळी काढून कपाटात ठेवली.

जोडपत्रांचा कागद जाड आहे, अक्षरे मागच्या बाकावरूनही वाचता येतील इतकी मोठी आहेत आणि नऊ महिन्यांच्या हाताळणीत केवळ दोन पत्रांचे कोपरे दुमडले. सहाशे पन्नास रुपये ही किंमत एकट्या शिक्षकाला जड वाटेल. शाळेने किंवा केंद्रातील तीन-चार शाळांनी मिळून घेतल्यास ती परवडते. पाचवीच्या वर्गासाठी मी हा संच सुचवणार नाही, आठवीसाठी मात्र आग्रहाने सुचवेन, कारण पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेविषयी स्वतःचे मत लिहिण्याची वेळ येते तेव्हा ओळ शोधण्याची ही सवय उपयोगी पडते. नवीन आवृत्ती येईपर्यंत ज्यांना जुनाच संच घ्यावा लागेल, त्यांनी बहिणाबाईंच्या कवितेचा मूळ पाठ ग्रंथालयातून उतरवून जोडपत्रावर चिकटवावा. मी तसे केले आहे आणि आता आमच्या वर्गातील पत्रावर 'खोप्यामधी' असेच आहे.