मोठ्या पडद्यावरची भारत-श्रीलंका मालिका : लातूरमधील एका भोजनगृहाच्या सेवेचे परीक्षण

लातूरच्या औसा रस्त्यावर पहिल्या मजल्यावर असलेल्या एका भोजनगृहाने ऑगस्ट 2024 मधील भारत-श्रीलंका एकदिवसीय मालिका मोठ्या पडद्यावर दाखवण्याची व्यवस्था केली होती. माणशी दीडशे रुपये आगाऊ भरायचे, ते जेवणाच्या बिलातून वजा व्हायचे आणि पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत ती खुर्ची आपली, अशी ही योजना होती. तिन्ही सामने मी तेथेच पाहिले. भोजनगृहाचे नाव देण्याचे टाळतो, कारण ज्या दोन-तीन तक्रारी पुढे येणार आहेत त्या मी मालकांच्या कानावर घातल्या आहेत आणि त्यांवर त्यांचा विचार चालू आहे. ज्यांनी हा जिना चढला आहे, त्यांना वर्णनावरून ते ओळखता येईलच.

टी-ट्वेंटी सामना दाखवणे कोणत्याही खानावळीला जमते. तीन-साडेतीन तासांत एक जेवण उरकते आणि गिऱ्हाईक घरी जाते. एकदिवसीय सामना मात्र दुपारी अडीचला सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालतो. त्यात उशिराचे दुपारचे जेवण, दोन वेळचा चहा, संध्याकाळची न्याहारी आणि रात्रीची थाळी एवढे सगळे येते आणि मधल्या षटकांचा संथ, एकेरी-दुहेरी धावांचा पट्टाही येतो. या पट्ट्यात गिऱ्हाइकाला धरून ठेवणे हीच या सेवेची खरी कसोटी असते. मालकांचा हिशेब मात्र वेगळा होता. सप्टेंबर 2023 मध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोलंबोच्या याच प्रेमदासा मैदानावर सिराजने 6 बळी घेऊन श्रीलंकेला 50 धावांत गुंडाळले होते, त्यानंतर विश्वचषकात वानखेडेवर तोच संघ 55 धावांत बाद झाला होता आणि या मालिकेच्या आधीची टी-ट्वेंटी मालिका भारताने 3-0 अशी जिंकली होती. त्यामुळे ही मालिकाही आतषबाजीची होणार, असे गृहीत धरून भिंतीवर तिरंगी फुगे लावलेले होते आणि खाली रस्त्यावर हलगीवाल्यांना सांगून ठेवले होते. त्या हलगीवर तिन्ही दिवसांत एकदाही थाप पडली नाही.

आधी पडद्याविषयी. पडदा मोठा आहे, प्रोजेक्टर बरा आहे, पण दालनाला रस्त्याच्या बाजूने चार उंच खिडक्या आहेत आणि त्यांवर पातळ, फिकट पडदे आहेत. तिन्ही सामन्यांत श्रीलंकेने प्रथम फलंदाजी केली, म्हणजे त्यांचा डाव प्रत्येक वेळी दुपारच्या उजेडात पाहावा लागला, आणि त्या उजेडात चित्र इतके फिके दिसत होते की चेंडू सीमारेषेपलीकडे गेला हे धावफलकावरून कळायचे. वेगवान गोलंदाजीच्या खेळपट्टीवर हे एक वेळ चालून गेले असते. प्रेमदासाची खेळपट्टी कोरडी आणि संथ. नवा चेंडू बॅटवर बरा येतो, तो जुना झाला की थांबून येऊ लागतो आणि वळतो, आणि सगळी गंमत त्या थांबण्यात असते. पहिल्या सामन्यात दुनिथ वेल्लालागेने नाबाद 67 धावा करून श्रीलंकेला 8 बाद 230 पर्यंत नेले, ती खेळी किती जपून बांधलेली होती हे मला नंतर घरी क्षणचित्रे पाहताना नीट समजले. अंधार पडल्यावर तोच पडदा उत्तम दिसतो. खिडक्यांना जाड कापडाचे पडदे लावले की हा दोष सहज मिटेल, आणि त्याचा खर्च फुग्यांपेक्षा फार होणार नाही.

शुक्रवार, 2 ऑगस्टच्या सामन्याचा शेवट हा या सेवेतील सर्वांत मोठ्या दोषाचा नमुना ठरला. प्रक्षेपण इंटरनेटवरून घेतलेले होते आणि इंटरनेटवरचे चित्र केबलच्या मागे काही सेकंद रेंगाळते. खाली जिन्याच्या तोंडाशी पानटपरी आहे आणि तिथे केबलवर छोटा टीव्ही चालू होता. रोहित शर्माने 47 चेंडूंत 58 धावांची सुरुवात करून दिल्यावर मध्ये गडी पडत गेले, तरी शेवटी शिवम दुबेने चौकार मारून धावसंख्या बरोबरीत आणली. दोन गडी हातात, पंधरा चेंडू शिल्लक आणि हवी फक्त एक धाव. दालनातले सगळे उभे राहिले होते, एकाने शिट्टीसाठी बोटे तोंडात घातलेली होती, आणि तेवढ्यात खालून पानटपरीवरून एक लांबलचक "अरेरेरे" वर आले. पडद्यावर श्रीलंकेचा कर्णधार असलंका अजून चेंडू टाकायला वळतही नव्हता. मग तो वळला, दुबे पायचीत झाला, आणि वर कोणी हूं की चूं केले नाही, कारण बातमी आधीच पोहोचलेली होती. पुढच्याच चेंडूवर अर्शदीपही पायचीत झाला. त्याचीही दवंडी खालूनच आली. 230 विरुद्ध 230, सामना बरोबरीत. आठ तास बसून ज्या क्षणासाठी पैसे मोजले तो क्षण जिन्यावरून फुटावा, याला काय म्हणावे?

त्यानंतरचा प्रकार मालकांच्या बाजूने निरागस होता. "बसा, बसा, आता सुपर ओव्हर हाय," असे त्यांनी गल्ल्यावरून जाहीर केले आणि चहाची एक फेरी फिरवली. नियमांत सुपर ओव्हरची, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा षटकाची, तरतूद असूनही ती त्या दिवशी खेळवली गेली नाही, दोन्ही संघ हस्तांदोलन करून परतले, आणि आम्ही रिकाम्या मैदानाकडे पाहत चहा प्यायलो. या चहाचे पैसे बिलात लावलेले होते. विचारल्यावर ते कमी केले, हेही नमूद करायला हवे.

रविवारपर्यंत त्यांनी इंटरनेटऐवजी टीव्हीची डिश अँटेना बसवून घेतली होती, ही तत्परता लातूरच्या मानाने कौतुकाची आहे. मागच्या दिवशी सांगितलेली गोष्ट पुढच्या खेपेला झालेली दिसणे, हे आपल्याकडच्या किती हॉटेलांबद्दल म्हणता येईल?

4 ऑगस्टचा तो रविवार आषाढी अमावस्येचा होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार असल्याने घराघरात दिव्यांची पूजा आणि बाहेर गटारीची गर्दी असा दुहेरी योग होता, आणि स्वयंपाकघराची खरी परीक्षा त्या दिवशी झाली. मटणाची खास थाळी तीनशे वीस रुपयांना होती. काळ्या मसाल्याचा रस्सा, सुके मटण, ज्वारीची भाकरी, भात, कांदा-लिंबू, बस्स; उगाच पंधरा वाट्यांचा देखावा नाही. रस्सा पहिल्या घोटाला साधा वाटतो आणि मग घशाशी हळूहळू चढतो. खोबरे नीट काळसर होईपर्यंत भाजलेले, पण करपलेले नाही, तर्री वाटीच्या कडेला पातळ थराने थांबलेली. मागच्या बाजूला दोन बायका भाकऱ्या थापत होत्या आणि भाकरी एकेकच येत होती, त्यामुळे ताटात पडली तेव्हा तिचा पापुद्रा अजून फुगलेला असायचा. बोटाने टोचला की वाफ बाहेर. एवढ्या गर्दीत भाकऱ्यांची चळत करून न ठेवण्याचा निर्णय ज्याने घेतला असेल, त्याला जेवण कळते. मटण मात्र सात वाजल्यानंतर आलेल्यांना थोडे चिवट लागले, कारण दुसरी खेप घाईने उतरवली होती.

हे परमिट रूम नसलेले भोजनगृह आहे. गटारीच्या दिवशी काही मंडळी बाहेरूनच रंगात येऊन जिना चढली. मालकांनी आवाज न चढवता त्यांना कोपऱ्यातल्या मेजाकडे नेले, समोर आधी ताक आणि मग जेवण ठेवले, आणि कुटुंबासह आलेल्यांना त्याचा उपद्रव होऊ दिला नाही. लेकीबाळींना घेऊन मोठ्या पडद्यावर सामना पाहता येईल अशा जागा आपल्या शहरात बोटांवर मोजण्याइतक्याच असल्याने या गोष्टीला मी बरेच गुण देईन.

उणे गुण ध्वनीला. त्या दिवशी श्रीलंकेने 9 बाद 240 धावा केल्या आणि भारताची सलामी 97 धावांची झाली. रोहित 44 चेंडूंत 64. हसरंगा जायबंदी झाल्याने संघात आलेल्या जेफ्री व्हॅन्डरसेने मग रोहितला उलटा स्वीप मारायला लावून बाद केले आणि पाहता पाहता भारताचे पहिले सहाही फलंदाज एकट्याने टिपले. बिनबाद 97 वरून 6 बाद 147. लेगस्पिनचा असा मारा वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी पाहायला मिळतो, आणि तो समजून घेण्यासाठी समालोचन ऐकायलाच हवे. पण चौथा गडी बाद झाल्यावर गल्ल्यावरून समालोचन बंद करून हिंदी चित्रपटगीते लावण्यात आली. मी खाली जाऊन कारण विचारले, तेव्हा मालक म्हणाले, "सर, लोक उठून जायलेत. गाणं लावलं की थोडं बसतेत." व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला कळते. परंतु भारत हरत असताना क्रिकेट पाहणे संपते, असे गृहीत धरणाऱ्याने मालिका दाखवण्याचे पैसे घेऊ नयेत. फक्त विजय दाखवण्याचे घ्यावेत. व्हॅन्डरसेचे 33 धावांत 6 बळी आम्ही ढोलकीच्या ठेक्यावर पाहिले आणि अक्षर पटेलची 44 धावांची झुंजही तशीच. भारत 208 वर आटोपला, श्रीलंका 32 धावांनी जिंकली.

याच काळात वाढप्यांचीही तारांबळ उडाली. गडी पडला की सगळे वाढपी पडद्यासमोर, आणि त्या संध्याकाळी गडी फार लवकर पडत होते. माझ्या मेजावर दुसरी भाकरी येईपर्यंत श्रेयस अय्यर आणि राहुल दोघेही तंबूत परतले होते. माणसांना सामना पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे, तेव्हा दोघांना पाळीने सुट्टी देण्याची सोय करावी.

7 ऑगस्टचा बुधवार सर्वार्थाने निराळा. श्रावण लागलेला, त्यामुळे मांसाहार बंद आणि दालन निम्मे रिकामे. गेल्यावर पडद्यावर क्रिकेट नव्हतेच; पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी 100 ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरल्याची बातमी चालू होती, आणि ती बदलून सामना लावा असे म्हणायला कोणी धजावले नाही. मालकांनी सामना सुरू झाल्यावरही काही वेळ बातम्या तशाच ठेवल्या, आणि त्या दिवशी ते योग्यच होते. नंतर श्रीलंकेचा अविष्का फर्नांडो 96 धावांवर बाद झाला तेव्हा शेजारच्या मेजावरच्या शिकवणीच्या पोरांपैकी एक जण म्हणाला की ९६ चा आकडा आपल्या सचिन धसचा आहे. बीडच्या या मुलाने त्याच वर्षी 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा केल्या होत्या. ही पोरे एका थाळीत तिघे जेवत होती आणि त्यांना कोणी हटकले नाही.

शाकाहारी थाळी एकशे ऐंशीची आहे. धपाटे खरपूस आणि दही घट्ट. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण भरपूर. येसर आमटीबद्दल मात्र नाराजी आहे: येसर जुना असावा, कारण भाजक्या धान्याचा तो खमंग वास आमटीला नव्हता आणि ती गुळाने उगीच गोड केलेली होती. लग्नघरी ज्याने पंगतीत येसर आमटी ओरपली आहे, त्याला ती फसवता येत नाही. त्यापेक्षा संध्याकाळची सुशीला घ्यावी. मुरमुरे भिजलेले असूनही गिचका झालेले नव्हते.

सामन्याबद्दल सांगायला फारसे उरले नाही. 249 धावांचा पाठलाग करताना भारत 26.1 षटकांत 138 धावांत बाद झाला, वेल्लालागेने 27 धावांत 5 बळी घेतले. तीन सामन्यांत भारताचे 27 गडी फिरकीने घेतले आणि 1997 नंतर प्रथमच श्रीलंकेने भारताविरुद्ध द्विपक्षीय एकदिवसीय मालिका जिंकली. करंडक वितरण पाहण्याची माझी इच्छा होती, कारण शेजाऱ्यांनी सत्तावीस वर्षे वाट पाहिलेली होती. परंतु शेवटचा गडी बाद होताच पडदा काळा झाला आणि दिवे लागले. "शेवटच्या चेंडूपर्यंत" हा शब्द मालकांनी अक्षरशः पाळला.

त्याच रात्री मध्यरात्रीनंतर पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी होती आणि तीत आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे धावणार होता. ती दाखवाल का, असे चार-पाच जणांनी विचारले. अकराला बंद करावे लागते, हे उत्तर रास्तच होते.

पुढच्या मालिकेला जाणाऱ्यांसाठी : खांबाशेजारची दोन मेजे घेऊ नयेत, तिथून पडद्याचा डावा कोपरा, म्हणजे नेमका धावफलक, झाकला जातो. आगाऊ रक्कम सामना लवकर संपला तरी परत मिळत नाही, त्यामुळे जेवणाची ऑर्डर दुसऱ्या डावाच्या पंधराव्या षटकाच्या आत द्यावी. दुचाकी खाली लावता येते, चारचाकीची सोय नाही. वीज गेल्यास जनरेटर आहे आणि तो मिनिटभरात सुरू होतो. मांसाहारी जेवणासाठी मी पुन्हा जाईन. सामन्यासाठी जाण्याआधी समालोचन चालू ठेवणार का, एवढे फोन करून विचारून घेईन.