जांभ्याच्या भिंतींआडून हॉटस्पॉट: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

लांजा तालुक्यातील आमच्या वाडीपर्यंत फायबरची तार अद्याप आलेली नाही. त्यामुळे पुण्यातील कार्यालयाचे हिशेबाचे काम मी गेल्या पावसाळ्यापासून मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून करीत आहे. सिम एका खासगी कंपनीचे आहे, प्रीपेड, रोज २ जीबी डेटा आणि ८४ दिवसांची मुदत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी कोणत्याही कंपनीच्या सिमवर येऊ शकतात. ‘फोनवर नेट चालते, लॅपटॉपवर चालत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण दोष टॉवर आणि फोन यांच्यात असू शकतो, फोन आणि लॅपटॉप यांच्यात असू शकतो किंवा कंपनीच्या जाळ्यात डेटाची पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) ज्या रीतीने पुढे जातात त्या रीतीत असू शकतो. कस्टमर केअरकडे मात्र या तिन्हींवर एकच उपाय आहे: फोन बंद करून पुन्हा चालू करा.

सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवणे मी लवकरच सोडून दिले. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती पाहिली की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते, आणि तोच आकडा खरा. आमच्या पडवीत तो उणे ९८ च्या आसपास असतो, तर माजघरात उणे ११६ पर्यंत घसरतो. हे मोजमाप सरळ बेरजेचे नाही. १० डीबीचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे पडवीतून माजघरात येईपर्यंत सिग्नल सुमारे साठपट क्षीण झालेला असतो. घर जांभ्याचे आहे, भिंती चांगल्या जाड आहेत, पावसाळ्यात त्या ओल धरतात, तेव्हा यात आश्चर्य काही नाही.

त्यात बँडची, म्हणजे सिग्नल ज्या वारंवारितेवर येतो तिची, भानगड वेगळी. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, पण त्यांवर कंपनीकडे असलेला पट्टा बहुधा अरुंद असतो. २३०० च्या बँडवर पट्टा रुंद असल्याने वेग मिळतो, मात्र त्या लहरी भिंतीशीच दम तोडतात. फोन माजघरात आला की मुकाट्याने खालच्या बँडवर जातो, दांड्या बऱ्या दिसतात आणि संध्याकाळी सारी वाडी व्हिडिओ पाहायला बसली की वेग पार बसतो. ‘५जी’ हे चिन्हही असेच फसवे आहे. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण तिच्या एका प्रकारात फोनचा मूळ दुवा ४जीचाच असतो, त्यामुळे चिन्ह ५जीचे आणि प्रत्यक्ष डेटा ४जीवरून असे सर्रास घडते. फोन सारखा या दोहोंत हेलकावे खाऊ लागला तेव्हा मी पसंतीच्या नेटवर्क प्रकारात ४जी निवडून टाकले. कमाल वेग थोडा घटला, पण बैठकीच्या मधोमध आवाज तुटणे थांबले.

फोन पडवीच्या खिडकीत ठेवून माजघरात बसायचे, हा उपाय पहिल्यांदा सुचतो. तो अर्धाच उपयोगी पडतो. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असेल तर मधल्या भिंतीपलीकडे तो पोहोचतच नाही. २.४ वर पोहोचतो, पण संथ. शेवटी टेबलच पडवीत आणले आणि यूएसबी केबलने टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट थेट लॅपटॉपला देणे, सुरू केले. वायफायचा प्रश्न मिटला आणि फोन चार्जही होऊ लागला. मात्र एप्रिल-मे महिन्यांत चार्जिंग आणि डेटा एकाच वेळी चालू राहिल्याने फोन इतका तापतो की दुपारी तो स्वतःहून मंदावतो, म्हणून ज्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी.

सर्वांत चिवट अडचण व्हीपीएनची, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीची, निघाली. फोनवर सगळे व्यवस्थित, लॅपटॉपवर बातम्यांची संकेतस्थळे उघडतात, कार्यालयाचे व्हीपीएनही जोडले जाते, लॉगिनचे पान दिसते, आणि ताळेबंदाची मोठी फाइल चढवायला घेतली की पट्टी तीन-चार टक्क्यांवर खिळते, ती हलतच नाही. लहान पाकिटे जातात आणि मोठी गिळली जातात, याचे हे हमखास लक्षण. माझ्या सिमवर फोनला फक्त आयपीव्ही६ (इंटरनेटवरील पत्त्यांची नवी पद्धत) पत्ता मिळतो, आणि जुन्या आयपीव्ही४ ची वाहतूक फोन स्वतः रूपांतरित करून पाठवतो. पाकिटावरील पत्त्याचे शीर्षक आयपीव्ही४ मध्ये २० बाइटचे, आयपीव्ही६ मध्ये ४० बाइटचे, म्हणजे प्रत्येक पाकीट वाटेत २० बाइटने फुगते. लॅपटॉप मात्र १५०० बाइटचे पाकीट मावेल असेच गृहीत धरतो आणि त्यात व्हीपीएनचे वेष्टण वेगळेच. पाकीट तोडायचे नाही असा पर्याय देऊन पिंग (चाचणीचे पाकीट पाठवणे) करीत आकार कमी-कमी करत गेले की आपली मर्यादा कळते. पूर्ण वाट मोकळी असेल तर १४७२ चे पिंग जाते, कारण त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १५०० भरतात. माझ्याकडे ते जात नव्हते. व्हीपीएनच्या जोडणीचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १३०० केल्यावर तीच फाइल विनातक्रार चढली, आणि त्यानंतर या कारणाने काम अडलेले नाही.

भाच्याने दुबईहून आणलेल्या फोनचा रोग निराळा होता. फोनवर नेट उत्तम, हॉटस्पॉटही जोडला जाई, पण लॅपटॉप ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ एवढेच दाखवी. काही फोन टेदरिंगसाठी ‘डीयूएन’ या प्रकाराचा एपीएन (फोन कंपनीच्या इंटरनेटशी कसा जोडायचा ते सांगणारी सेटिंगमधील नोंद) शोधतात. त्या फोनच्या एपीएनमध्ये प्रकाराच्या रकान्यात तो शब्द जोडल्यावर काम झाले. तेथील इतर रकान्यांना हात लावायची गरज पडली नाही, आणि बिघडलेच तर एपीएन मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय त्याच पडद्यावर असतो.

रोजचे २ जीबी संपले की वेग ६४ केबीपीएस होतो, म्हणजे एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून अधिक. विंडोज आपली अद्ययावतीकरणे गुपचूप उतरवते, तेव्हा हॉटस्पॉटची जोडणी ‘मीटर्ड’ (मर्यादित डेटाची) म्हणून नोंदवणे अत्यावश्यक आहे.

पावसाळ्याचा अनुभव याहून कडू आहे. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली आणि जनरेटरला डिझेल नसले की सिग्नल साफ नाहीसा होतो. यावर तोडगा म्हणून मी दुसऱ्या कंपनीचे सिम घेतले, पण दोन्ही कंपन्यांच्या अँटेना त्याच एका टॉवरवर आहेत, त्यामुळे पहिले सिम मेले की दुसरेही मरते. अनेक कंपन्या टॉवर वाटून घेतात, हे दुसरे सिम घेताना लक्षात ठेवावे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या परिसरातील टॉवर पाहता येतात. शेजारच्या गावातील वेगळ्या टॉवरचे सिम पडवीच्या दुसऱ्या टोकाला पकडते, हे मला तेथूनच उमगले, आणि जुलैपासून तेच सिम राखीव म्हणून वापरते.

संध्याकाळच्या मंद वेगाची तक्रार कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, १९८ वर, नोंदवली. क्रमांक मिळाला, आणि ‘आपल्या परिसरात सेवा समाधानकारक आहे’ असा संदेश येऊन तक्रार बंदही झाली. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार यापुढे कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व त्यासाठी शुल्क नाही. अपिलात मी वेगवेगळ्या वेळचे डीबीएमचे आकडे आणि वेगाच्या चाचण्या जोडल्या, तेव्हा कुठे एका अभियंत्याचा फोन आला. त्याने टॉवरच्या आमच्याकडील बाजूवर संध्याकाळी ताण असतो हे मान्य केले. क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव आहे असे सांगितले, तारीख मात्र सांगितली नाही. दिवसभराच्या कामाला हे सिम पुरेसे आहे, रात्रीच्या व्हिडिओ बैठकींसाठी मी ते कोणाला सुचवणार नाही. पुढचा रिचार्ज ८४ ऐवजी २८ दिवसांचाच केला आहे.