लाईव्ह ट्रान्सक्राइब घेऊन चार इंटरव्ह्यू दिले, त्याचा अनुभव

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, दोन्हीकडे मशीन लावते, आणि गेले आठ महिने अकाउंट्समधली नोकरी शोधतेय. लाईव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं अँड्रॉइडवरचं फुकट अ‍ॅप आहे, समोरचा बोलतो ते फोनच्या स्क्रीनवर लिहून येतं. आत्तापर्यंत चार इंटरव्ह्यूंना वापरलं. इंटरव्ह्यूच्या नुसत्या विचाराने ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर एक-दोन चांगल्या संधी हातच्या गेल्या नसत्या.

आधी अ‍ॅपशिवायचं सांगते. मशीन लावली की सगळं ऐकू येतं असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. आवाज येतो, शब्द येईलच असं नाही. माझं वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलंय, म्हणजे स, श, फ, थ निसटतात आणि आ, ऊ, ओ मात्र व्यवस्थित येतात, मग राहिलेलं ओठांवरून भरून काढायचं. आणि ओठांवर पान, बाण, मान हे तिन्ही शब्द सारखेच दिसतात, आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. एका ठिकाणी मला विचारलं, आधीची नोकरी का सोडली. मी ऐकलं "कधी सोडली", आणि अगदी आत्मविश्वासाने महिना आणि वर्ष सांगितलं. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. जिना उतरताना टोटल लागली की ते "का" होतं. त्यांना वाटलं असणार की ही उत्तर टाळतेय, काहीतरी लपवतेय. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं, कारण नोकरी सोडण्याचं माझं कारण अगदी साधं होतं, सांगितलं असतं तर कुणालाही पटलं असतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही सवय असते, दोनदा "काय म्हणालात" विचारून झालं की तिसऱ्यांदा विचारायचा धीर होत नाही, मग हसून मान डोलवायची. घरात चालून जातं, इंटरव्ह्यूत ती एक मान महागात पडते. माझ्यासाठी या अ‍ॅपने सगळ्यात मोठं काम कुठलं केलं असेल तर ते हे, की मान डोलवणं सुटलं.

अ‍ॅप २०१९ च्या फेब्रुवारीत आलं. कर्णबधिरांसाठीची जी गॅलोडेट युनिव्हर्सिटी आहे तिच्यासोबत काम करून ते केलंय, आणि ते बनवण्यात दिमित्री कानेव्हस्की हे गूगलमधले संशोधक होते जे स्वतः लहानपणापासून बहिरे आहेत. वापरताना ते जाणवतं. स्क्रीनवर एक गोल असतो, त्यात खोलीतला गोंगाट किती आणि बोलणाऱ्याचा आवाज किती ते दिसतं, म्हणजे फोन कुठे सरकवायचा ते आपल्याला न ऐकताच कळतं. ऐकू येणाऱ्या माणसाला हे सुचलं असतं का, मला शंका आहे. मराठी आहे, दोन भाषा ठेवून पटकन बदलता येतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. बाहेरचा माईक पण चालतो.

पहिल्यांदा नेलं तेव्हा मी चूक केली, फोन मांडीवर ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून. काहीच धड उमटेना कारण माईक बोलणाऱ्यांपासून लांब, आणि मी सारखी खाली बघतेय, त्यांना वाटलं असेल मेसेज वाचतेय. पुढच्या वेळी मेलमध्येच कळवलं, आत गेल्यावर फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि एका वाक्यात सांगितलं की हे कशासाठी आहे. पॅनेलमधल्या एक मॅडम वाकून स्क्रीन बघायला लागल्या, आपलंच वाक्य उमटताना दिसल्यावर त्यांनी फोन स्वतःजवळ ओढला, वरचा पंखा बंद करायला लावला आणि मग प्रत्येक प्रश्न विचारून क्षणभर थांबायच्या, अक्षरं उमटेपर्यंत. मी वाचायचे, वर बघायचे, उत्तर द्यायचे. त्या अर्ध्या तासात मी फक्त कामाबद्दल बोलले, ऐकण्याबद्दल एकदाही नाही!!

आता अडचणी, आणि या कुठल्याही बोलणं लिहून देणाऱ्या अ‍ॅपला येतात. दोघं एकदम बोलले की शब्द एकमेकांत मिसळतात. माणसांची आणि कंपन्यांची नावं, धंद्यातले शब्द चुकू शकतात, पेरोलचं पॅरोल होऊ शकतं, म्हणून जाहिरातीतले आणि आपल्या सीव्हीतले महत्त्वाचे शब्द डोक्यात पक्के करून जा म्हणजे चुकीचं उमटलं तरी ओळखता येतं. अक्षरं बोलण्याच्या किंचित मागे येतात. आणि सतत वाचत राहिलं तर नजर तुटते, त्यामुळे मी आधी चेहऱ्याकडे बघते आणि अडलं तरच खाली. नेटचा भरवसा नसेल तर आधीच बघून ठेवा, ऑफलाइन मोड आहे पण सगळ्या भाषांना नाही.

फोनवरच्या पहिल्या राउंडला मात्र याचा भरवसा धरू नका. साध्या फोनच्या लाईनवर जुन्या पद्धतीने साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, आणि स-श चा बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणजे आपल्याला मुळात जे कमी येतं तेच लाईन कापते. दुसऱ्या फोनवर कॉल स्पीकरला टाकून करून बघितलं, जमतं पण दमछाक होते. मी आता सरळ व्हिडिओ कॉल मागते, मीट आणि झूम दोन्हीत कॅप्शन आहेत आणि ओठही दिसतात. "फक्त कॉल करा" लिहिलेल्या जाहिरातींना पण मेल किंवा मेसेजच करते. काहींचं उत्तर येत नाही, खूप राग येतो, पण ज्यांचं येतं त्यांच्याकडे पुढचं सगळं सोपं जातं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फोन कॉलसाठी.

नोकरी अजून लागलेली नाही, त्या मॅडमच्या ठिकाणी दुसरा राउंड आहे. रेकॉर्ड करताय का असं हमखास विचारतात. लिहिलेलं तीन दिवस ठेवायचा पर्याय आहे, तो इंटरव्ह्यूपुरता बंद करा आणि तसं आधीच सांगा. मी मेलमध्ये हे लिहिते, हवं तर जसंच्या तसं उचला: "मला कमी ऐकू येतं. इंटरव्ह्यूच्या वेळी मी टेबलावर फोन ठेवेन, त्यावर तुमचं बोलणं मला वाचता येतं. ते सेव्ह होणार नाही. शक्य असेल तर शांत खोली द्या आणि एका वेळी एकाने बोला."