स्वि-प्रोलॉगचे थ्रेड : बडोद्यातल्या डिलिव्हरी मार्गांवर परीक्षण

स्वि-प्रोलॉग ही प्रोलॉग या लॉजिक भाषेची (नियम आणि तथ्ये लिहून उत्तर शोधायला लावणाऱ्या भाषेची) एक आवृत्ती; मोफत, ओपन सोर्स, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालते. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. पण "लॉजिक भाषा म्हणजे आपोआप पॅरलल (एकाच वेळी अनेक कामे)" या अपेक्षेने घेऊ नका. थ्रेडमध्ये कामाची वाटणी तुम्हालाच करावी लागते.

दांडिया बाजार, मांडवी, अलकापुरी, फतेहगंज असे विभाग पाडून प्रत्येकाचा मार्ग वेगळा शोधायचा असेल, तर कन्करंट_मॅपलिस्ट अगदी चपखल बसते. यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम एकामागून एक करणाऱ्या मॅपलिस्टच्या जागी तेवढा शब्द बदलायचा, की कामे थ्रेडमध्ये एकदम चालतात. मात्र प्रत्येक गोल (सोडवायला दिलेले काम) थ्रेडमध्ये कॉपी होतो, उत्तरही कॉपी होऊनच परत येते. त्यामुळे दोन आकड्यांच्या बेरजेसारखे हलके काम उलट मंदावते. १०,००० नोंदी एकेक न देता १००-१०० चे गठ्ठे करून द्या. शहराचा नकाशा अर्ग्युमेंटमधून पाठवू नका, फॅक्ट (प्रोग्रॅममध्ये साठवलेली तथ्ये) म्हणून ठेवा; फॅक्ट सगळ्या थ्रेडना सामाईक असतात.

कन्करंट_मॅपलिस्टमध्ये प्रत्येक गोलचे पहिलेच उत्तर मिळते, बॅकट्रॅकिंगने (मागे जाऊन पुढचा पर्याय शोधून) दुसरे मागता येत नाही. याच ठिकाणी नवखे हमखास फसतात. दुसरी चूक मोजणीची: जुना आकडा काढणारे रिट्रॅक्ट आणि नवा ठेवणारे असर्ट यांच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसतो व आकडा चुकतो. विथ_म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) वापरा, किंवा थ्रेड_लोकल (प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र नोंद).

फर्स्ट_सोल्यूशन आम्हाला सर्वांत आवडले: दोन-तीन शोधपद्धती एकदम सोडा, जिचे उत्तर आधी येईल ते घ्या, बाकीच्या थांबवल्या जातात.

मेमरीचे भान ठेवा. ६४-बिटवर स्टॅकची (थ्रेड चालताना लागणाऱ्या मेमरीची) मूळ मर्यादा प्रत्येक थ्रेडला १ जीबी असते. ८ जीबीच्या मशीनवर ती कमी करूनच सुरू करा.