हातातला वायुवेगमापक: फवारणीपुरता चोख

हजार-दीड हजारात मिळणारा, मोबाइलएवढा, वर प्लॅस्टिकची फिरकी असलेला हा वायुवेगमापक द्राक्षबाग किंवा कापूस फवारणाऱ्याने घ्यावा असाच आहे. वारा ताशी ३ ते १५ किमी असेल तर फवारा जागेवर बसतो. त्यापुढे औषध शेजाऱ्याच्या रानात. वारा अगदी पडलेला असला, विशेषतः संध्याकाळी, तरीही थांबावं. जमिनीलगतच्या थंड हवेत बारीक थेंब तरंगत राहतात आणि भलतीकडेच वाहत जातात.

मोजताना हात लांब करून नोझलच्या उंचीला धरा, फिरकीचं तोंड थेट वाऱ्याकडे. तिरकी धरली की आकडा घसरतो. एका झुळकेवर विसंबू नका, मिनिटभराची सरासरी घ्या. आणि एकक आधी बघा! सेकंदाला ४ मीटर म्हणजे ताशी १४.४ किमी, बहुतेकांची फसगत इथेच होते. हवामान खात्याचा वेग १० मीटर उंचीवरचा असतो, तो सहसा जास्तच दिसणार.

खरी खोट बेअरिंगमध्ये. धूळ आणि औषधाचे तुषार बसले की फिरकी जड होते, हलका वारा शून्य दाखवते. हळूच फुंकर मारा: रेंगाळत थांबली तर ठीक, झटक्यात अडली तर मऊ ब्रशने झाडा. तेल अजिबात नको, धूळ आणखी चिकटते. तापमानाचा आकडा उन्हात बिनकामाचा, कारण खोकंच तापलेलं असतं. सोबतची दोरी तकलादू. पहिल्याच दिवशी बदला.