दिवाळी अंकाचे कच्चे ले-आउट आणि गिंप ३.० : काही महिन्यांच्या वापरानंतर

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून मी दिवाळी अंक घेतला. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, एक कथा, एक लेख आणि कवितांची पानं. सगळे कच्चे ले-आउट, म्हणजे पानांची प्राथमिक मांडणी, गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केले. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, म्हणून सुरुवात केली. आज हातात पैसे असते तरी कच्च्या कामाला हेच घेतलं असतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी अभ्यासातला प्रकल्प म्हणूनच हे सुरू केलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ए४ अंकाचं जोडपान म्हणजे ४२० × २९७ मिमी. ३०० रिझोल्यूशनला (इंचाला ३०० पिक्सेल) ते ४९६१ × ३५०८ पिक्सेल होतं आणि लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, वाढले की लॅपटॉप दमतो. कच्च्याला १५० पुरतं. गाइड, म्हणजे मांडणीसाठीच्या मदतरेषा, टक्क्यांनी टाकता येतात : ५० टक्क्यांवर घडी, मग समास, मग रकाने.

२०२५ च्या ३.० आवृत्तीने सर्वांत मोठा फरक पाडला तो फिल्टरमध्ये. पूर्वी ब्लर (धूसरपणा) किंवा कर्व्ह्ज (उजेड-अंधाराचा बदल) दिले की ते चित्रात कायमचे मुरायचे. आता ते लेयरवर वेगळे राहतात, हवे तेव्हा बदलता येतात, बंद करता येतात. कथेमागचं चित्र किती फिकं ठेवायचं यावर सरांशी चर्चा चालू असतानाच मी ते कमीजास्त करून दाखवत होते. तीन पर्यायांसाठी तीन फाइली करायची गरजच उरली नाही. अनेक लेयर एकत्र निवडून सरकवता येतात, हेही याच आवृत्तीतलं. फक्त फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या प्रकारातच जपा, जेपीईजीत हे काहीच टिकत नाही.

मराठी मजकुराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बिनचूक येतात. टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा पर्याय आहे. तिथे मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. मथळ्यांना मी टिरो देवनागरी मराठी वापरला, त्यात ते मुळातच तसे आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो.

आता उणिवा. एका चौकटीत न मावलेला मजकूर आपोआप पुढच्या चौकटीत जात नाही. परिच्छेदांच्या स्टाइल नाहीत, मास्टर पेज (सगळ्या पानांना लागू होणारा साचा) नाही. कथेचा टाइप अर्धा पॉइंट कमी करायचा तर प्रत्येक चौकट उघडा. शिवाय काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, चालतं. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, कसं दिसेल ते पडद्यावर पाहता येतं, पण रूपांतरात काळा मजकूर चारही रंगांत विभागला जातो आणि छपाईत रंग जरा सरकले तरी बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. मुखपृष्ठाला चालेल, आतल्या पानांना अजिबात नाही.

म्हणून आतली पानं मी स्क्रायबस या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेते. गिंपमधलं जोडपान तिथे तळाच्या लेयरवर ठेवायचं, लेयर लॉक करायचा आणि त्यावर मजकुराच्या जोडलेल्या चौकटी आखायच्या. चित्रं ३०० रिझोल्यूशनच्या मूळ फाइलींतून घ्यायची, मजकुराला निव्वळ काळा रंग द्यायचा आणि पीडीएफ काढण्याआधी तळाच्या लेयरची छपाई बंद करायची.