एमसीएक्ससाठीची सल्लागार सेवा: एका लॉटवर व्यवहार करणाऱ्याने काय तपासावे

तिमाहीला १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १४,१६० रुपये, अशी फी एमसीएक्स या वस्तुबाजारातील वायद्यांवर सल्ला देणाऱ्या एका संस्थेच्या सेवेची आहे. त्या बदल्यात चांदी मिनी आणि क्रूड मिनी या वायद्यांचे कॉल, म्हणजे खरेदी-विक्रीचे सल्ले, मोबाइलवर येतात, संध्याकाळी बाजाराचे टिपण येते आणि महिनाअखेरीस कामगिरीचा तक्ता मिळतो. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे जी त्रुटी मांडणार आहे ती एखाद्याच संस्थेपुरती असेल असे मला वाटत नाही.

नोंदणीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. ‘आयएनएच’ने सुरू होणारा रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक बाजार नियामक सेबीच्या संकेतस्थळावर सापडतो आणि तिथले नाव फीच्या पावतीवरील नावाशी जुळते. पैसे घेण्याआधी केवायसी आणि अटींना संमती हे दोन्ही झाले, आणि खात्रीशीर परताव्याची भाषा कोणीही केली नाही. व्यक्तिगत ग्राहकासाठी सेबीने घातलेली फीची कमाल मर्यादा कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपये आहे. ही फी तिच्या बरीच खाली आहे.

सेवेचा खरोखर चांगला भाग म्हणजे संध्याकाळचे टिपण. अमेरिकेच्या महागाईचे किंवा रोजगाराचे आकडे येणार असतील, तर त्या वेळेच्या आसपास नवा सौदा करू नये असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. चांदी मिनीचा वायदा डिलिव्हरीचा, म्हणजे प्रत्यक्ष चांदी देण्या-घेण्याचा असल्याने टेंडर पीरियड (मुदत संपण्याआधीचे डिलिव्हरीचे दिवस) सुरू झाला की जादा मार्जिन, म्हणजे दलालाकडे ठेवायची रक्कम, लागते. त्याच्या पुरेसे आधी पुढच्या वायद्यात जाण्याची सूचनाही वेळेवर मिळते. नवख्या माणसाला ही सूचना एकट्यानेच मोठ्या अडचणीतून वाचवू शकते.

आता कॉलविषयी. २०२५ च्या सुरुवातीच्या भावांवर बेतलेले एक उदाहरण घेऊ: ‘चांदी मिनी, खरेदी ९२,४००, स्टॉपलॉस ९१,८००, टार्गेट ९३,३००.’ भाव किलोचा आहे आणि लॉट, म्हणजे सौद्याचे किमान माप, ५ किलोचा आहे, म्हणजे स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी ठरवलेला भाव) लागला तर ३,००० रुपये जातात आणि टार्गेट आले तर ४,५०० रुपये मिळतात. या प्रमाणात दहांपैकी चार कॉल बरोबर आले तरी खर्च सोडून हिशेब जुळतो. परंतु कॉल बहुधा भाव पळू लागल्यावरच येतो, आणि मेसेज वाचून ऑर्डर टाकेपर्यंत भाव ९२,५५० झालेला असला, तर तोटा ३,७५० आणि नफाही ३,७५० असा सौदा हाती येतो. आता दहांपैकी पाच कॉल बरोबर यावे लागतात, आणि दलाली, सीटीटी (वायद्याच्या सौद्यावरील कर) व इतर आकार धरून प्रत्येक सौद्यामागे जाणारे शंभरेक रुपये वेगळेच. महिनाअखेरच्या तक्त्यात मात्र खरेदी ९२,४०० लाच झाल्याचे धरलेले असते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कॉलला दोन टार्गेट असली, तर पहिले आले की ‘अर्धा नफा बुक करा, उरलेल्याचा एसएल कॉस्टला आणा’, म्हणजे उरलेल्याचा स्टॉपलॉस खरेदीच्या भावावर आणा, असा मेसेज येतो. ज्याच्याकडे एकच लॉट आहे त्याने अर्धे काय विकायचे? सगळे विकले तर दुसऱ्या टार्गेटचा नफा त्याचा नाही, आणि थांबून भाव परत खाली आला तर पदरात शून्य पडते, उलट आकार जातात. तक्त्यात मात्र असे कॉल नफ्याच्या रकान्यात बसतात, कारण तो दोन लॉट गृहीत धरून केलेला असतो. ही बाब वर्गणी घेताना सांगितली जात नाही, आणि ती सांगितलीच पाहिजे, कारण अशा सेवेकडे वळणारा मोठा वर्ग लहान भांडवलाचा आहे. त्याच्यासाठी फी वसूल होण्यासच ४,५०० रुपयांचे तीन नफे पुरत नाहीत.

मी हे सर्व संस्थेला ईमेलने कळवले. उत्तर दोन दिवसांत आले, सभ्य होते, पण ‘बाजारातील जोखीम ग्राहकाची’ यापलीकडे त्यात काही नव्हते. माझी मागणी जोखीम कमी करण्याची नाही. प्रत्येक कॉलसोबत ‘अमुक भावाच्या वर खरेदी करू नये’ अशी एक ओळ असावी आणि एका लॉटचा तक्ता वेगळा द्यावा, एवढीच आहे.

दोन किंवा अधिक लॉट सांभाळण्याइतके मार्जिन असलेल्या आणि दिवसभर पडद्यासमोर बसू शकणाऱ्या व्यक्तीला ही सेवा घेण्यास हरकत नाही. नोकरी सांभाळून एका लॉटवर व्यवहार करणाऱ्याने मात्र आधी मागील तिमाहीचे सगळे कॉल वेळेसह मागून घ्यावेत, प्रत्येक कॉलनंतर पाच मिनिटांनी चार्टवर काय भाव होता ते पाहावे आणि त्या भावाने नफा-तोटा स्वतः मांडावा. वेळेसह यादी देण्यास जी संस्था नकार देईल तिची फी भरू नये.